रूळ बदलले तरी गाडी बदलायला नको! स्पेनच्या रेल्वेचा धडा

हज किंवा उमऱ्याहून परतलेल्या मंडळींकडून हरमैन रेल्वेचे कौतुक आता घराघरांत ऐकू येते. मक्का ते मदीना हे सुमारे ४५० किलोमीटरचे अंतर जेद्दामार्गे कापताना ही गाडी ताशी ३०० किलोमीटरपर्यंत वेग गाठते. ऑक्टोबर २०१८ पासून ती सर्वसामान्य प्रवाशांसाठी सुरू झाली. तिच्या आरामशीर आसनांवर बसणाऱ्यांपैकी फार थोड्यांना ठाऊक असते की ही गाडी स्पेनमधील तालगो या कंपनीने बनविलेली आहे.

याच कंपनीचे नाव २०१६ साली आपल्या वर्तमानपत्रांतही झळकले होते. तिचे नऊ हलके डबे बार्सिलोनाहून जहाजाने मुंबई बंदरात उतरले आणि बरेली-मुरादाबाद, मथुरा-पलवल व शेवटी दिल्ली-मुंबई या मार्गांवर त्यांची चाचणी झाली. सप्टेंबर २०१६ मधील अखेरच्या चाचणीत या गाडीने दिल्ली-मुंबई प्रवास बारा तासांच्या आत पूर्ण केला. गाडी काही आपण खरेदी केली नाही. चार दिवस चर्चा झाली आणि विषय मागे पडला.

परंतु तालगोची जी खरी करामत आहे, ती ना मदीनेच्या मार्गावर दिसते, ना दिल्ली-मुंबईच्या चाचणीत दिसली. ही कंपनी अशी गाडी बनविते की जिची चाके प्रवासी आत बसलेले असतानाच आत-बाहेर सरकतात आणि अरुंद रुळांवरची गाडी रुंद रुळांवर निघून जाते. व्यापारी बांधवांनी ही हकीकत जरूर समजून घ्यावी असे आम्हांस वाटते. कारण मुंबई-अहमदाबाद बुलेट ट्रेनच्या निमित्ताने हाच प्रश्न आता आपल्या दारात आला आहे.

गेज म्हणजे काय?

दोन रुळांच्या आतल्या कडांमधील अंतरास गेज म्हणतात. आपले ब्रॉडगेज १६७६ मिलिमीटरचे, मीटरगेज १००० मिलिमीटरचे आणि बार्शी लाईट रेल्वेसारखे नॅरोगेज ७६२ मिलिमीटरचे. जगातील निम्म्याहून अधिक रेल्वेमार्ग मात्र १४३५ मिलिमीटरच्या 'स्टँडर्ड' गेजचे आहेत.

गेज बदलले की काय हाल होतात हे महाराष्ट्राला वेगळे सांगायला नको. मिरज जंक्शनवर एके काळी ब्रॉड, मीटर आणि नॅरो असे तिन्ही गेज एकत्र येत. मनमाडची तर आम्हांस चांगली आठवण आहे. मुंबईहून ब्रॉडगेजच्या गाडीने यायचे, अपरात्री ट्रंका-वळकट्या हमालाच्या डोक्यावर द्यायच्या, लेकराबाळांना झोपेतून उठवून दुसऱ्या फलाटावर पळायचे आणि औरंगाबाद (आताचे छत्रपती संभाजीनगर), जालना, परभणीकडे जाणाऱ्या मीटरगेजच्या गाडीत जागा मिळते का ते पाहायचे. प्रवाशांचे हे हाल, तर मालाचे विचारूच नका. एका वाघिणीतील पोती उतरवून दुसऱ्या वाघिणीत भरताना पोती फुटत, वजन घटत, दिवस वाया जात. हमाली तर वेगळीच. अखेर १९९२ साली रेल्वेने देशभर एकच गेज करण्याचा कार्यक्रम हाती घेतला आणि त्या दशकात मनमाडपुढचा मार्गही ब्रॉडगेज झाला.

म्हणजे आपण उपाय केला तो रूळ बदलण्याचा. स्पेनने दुसरा उपाय शोधला. त्यांनी चाके बदलली.

सहा फुटांचा निर्णय

स्पेनमध्ये रेल्वे येण्यापूर्वीच, १८४४ साली, सरकारने हुआन सुबेर्कासे या इंजिनिअरच्या प्रमुखत्वाखाली एक समिती नेमली. देश डोंगराळ, चढ जबरदस्त. चढ चढायचा तर इंजिनाला मोठा बॉयलर हवा आणि मोठ्या बॉयलरला रुंद रूळ हवेत, असा विचार करून समितीने कॅस्टिलच्या मापाने सहा फुटांचे गेज सुचविले. सरकारने ते मंजूर केले. फ्रान्सच्या फौजा रेल्वेने चालून येऊ नयेत म्हणून मुद्दाम वेगळे गेज ठेवले, अशी एक दंतकथा तिकडे आजही सांगतात. पण समितीच्या अहवालात कारण दिले आहे ते इंजिनाच्या ताकदीचे.

निर्णय त्या काळच्या माहितीनुसार चुकीचा नव्हता. पण युरोपातील बहुतेक देशांनी १४३५ मिलिमीटर स्वीकारले आणि स्पेन व पोर्तुगाल एका बाजूला पडले. त्यांचे गेज आज १६६८ मिलिमीटर आहे. वाचकांनी हा आकडा ध्यानात ठेवावा. आपल्या ब्रॉडगेजपेक्षा तो फक्त ८ मिलिमीटरने कमी आहे.

याचा परिणाम असा झाला की फ्रान्सच्या सरहद्दीवरील इरून आणि पोर्टबू ही स्टेशने म्हणजे स्पेनची 'मनमाडे' बनली. पॅरिसला निघालेल्या माणसाने येथे उतरावे, पासपोर्ट दाखवावा आणि दुसऱ्या गाडीत बसावे. व्हॅलेन्सियाची संत्री उत्तर युरोपच्या बाजारात ताजी पोहोचली पाहिजेत, पण मालगाडी तर सरहद्दीवर अडते. तेव्हा १९४३ साली स्थापन झालेल्या ट्रान्सफेसा कंपनीने वाघिणी उचलून त्यांच्या खालची चाके ॲक्सलसकट बदलण्याचा धंदाच उभारला. पेट्या उतरवून पुन्हा भरण्यापेक्षा हे कितीतरी बरे. तरी वेळ जायचा तो जायचाच.

चाके सरकतात कशी?

तालगो कंपनीची स्थापना १९४२ ची. आलेहांद्रो गोइकोएचेआ हा इंजिनिअर आणि होसे लुईस ओरिओल हा भांडवलदार, अशी ही जोडी होती. कंपनीच्या नावात दोघांच्याही आडनावांची आद्याक्षरे आहेत. एकाची कल्पना आणि दुसऱ्याचा पैसा, अशा जोडीने अनेक धंदे उभे राहतात, त्यांपैकीच हा एक.

नेहमीच्या डब्याखाली डावे आणि उजवे चाक एकाच जाड पोलादी दांड्याच्या, म्हणजे ॲक्सलच्या, दोन टोकांना घट्ट बसविलेले असते. त्यांच्यातील अंतर बदलण्याची सोयच नसते. गोइकोएचेआने आपल्या हलक्या गाडीसाठी हा ॲक्सलच काढून टाकला. तालगोचे प्रत्येक चाक स्वतंत्रपणे फिरते आणि दोन डब्यांच्या सांध्यावर चाकांची एकच जोडी असते. हेतू होता गाडी हलकी आणि ठेंगणी करण्याचा. पण यातूनच पुढच्या मंडळींना सुचले की दोन चाकांना बांधून ठेवणारा दांडा नाही, तर ती आत-बाहेर सरकवता का येऊ नयेत?

हे काम ज्या शेडमध्ये होते, तेथील व्यवस्था समजायला अवघड नाही. एका टोकाला रुंद रूळ, दुसऱ्या टोकाला अरुंद रूळ आणि मध्ये काही मीटरचा खास पट्टा. गाडी माणूस धावेल इतक्याच वेगाने, म्हणजे ताशी पंधरा किलोमीटरच्या आसपास, आत शिरते. दोन्ही बाजूंना भक्कम आधारपट्ट्या असतात. चाकांची चौकट त्यांवर टेकते आणि डब्याचे वजन चाकांवरून उतरून या पट्ट्यांवर येते. घसरण सोपी व्हावी म्हणून पट्ट्यांवर पाणी सोडलेले असते. चाके मोकळी झाली की त्यांना जागेवर धरून ठेवणारी कडी उघडते. मग तिरप्या बसविलेल्या मार्गदर्शक पट्ट्या चाकांना हळूहळू आत किंवा बाहेर ढकलतात. नव्या अंतरावर चाके आली की कडी पुन्हा बसते, वजन पुन्हा चाकांवर येते आणि गाडी पुढे चालू लागते. एका जोडीला काही सेकंद, साऱ्या गाडीला काही मिनिटे. आतल्या प्रवाशाला गाडी हळू झाली एवढेच कळते.

या तंत्राची पहिली नियमित गाडी १ जून १९६९ रोजी बार्सिलोना आणि जिनिव्हा यांच्यामध्ये सुरू झाली. पुढे १९७४ पासून बार्सिलोना-पॅरिस रात्रीची गाडीही सुरू झाली. प्रवासी आपल्या बिछान्यात झोपलेला असे आणि चाके सरहद्दीवर आपोआप सरकत. मात्र इंजिन तेव्हा बदलावेच लागे, कारण सरकणारी चाके फक्त डब्यांना होती.

खरी कमाई १९९२ नंतर

येथपर्यंतची हकीकत सरहद्दीवरच्या एका सोयीची झाली. तिचे रूपांतर देशाच्या अर्थकारणात कसे झाले, तो भाग आमच्या मते सर्वांत महत्त्वाचा आहे.

१९८८ च्या डिसेंबरात स्पेनने ठरविले की आपले नवे अतिवेगवान मार्ग जुन्या रुंद गेजचे नसतील, युरोपच्या स्टँडर्ड गेजचे असतील. सेव्हिल शहरात १९९२ साली जागतिक प्रदर्शन भरणार होते. त्या मुहूर्तावर, एप्रिल १९९२ मध्ये, माद्रिद-सेव्हिल हा ४७१ किलोमीटरचा पहिला मार्ग सुरू झाला.

आता अडचण पाहा. नवा मार्ग सेव्हिलला गेला, पण मालागा या बंदराच्या शहराला गेला नाही. मालागाचा जुना फाटा वाटेत कॉर्दोबा येथे फुटतो आणि तो रुंद गेजचा. मालागाच्या लोकांनी काय करावे? नव्या गाडीने कॉर्दोबाला उतरून जुन्या गाडीत बसावे? की आपला नवा मार्ग होईपर्यंत पंधरा वर्षे हात जोडून वाट पाहावी?

यावर तोडगा निघाला तो सरकत्या चाकांचा. तालगोची गाडी माद्रिदहून नव्या मार्गाने ताशी २०० किलोमीटर वेगाने कॉर्दोबापर्यंत येई, तेथे चाके सरकवी आणि जुन्या रुळांवरून मालागाला जाई. मालागापर्यंतचा नवा मार्ग डिसेंबर २००७ मध्ये पूर्ण झाला. म्हणजे दीड दशक मालागाच्या व्यापाऱ्याला, हॉटेलवाल्याला आणि विद्यार्थ्याला अर्ध्या मार्गाचा का होईना, फायदा मिळत राहिला.

हेच पुढे बार्सिलोनाच्या मार्गावर झाले. नवा मार्ग २००३ मध्ये येइदा शहरापर्यंत आला आणि बार्सिलोनाला फेब्रुवारी २००८ मध्ये पोहोचला. मधल्या काळात गेज बदलणाऱ्या गाड्यांनी नव्या तुकड्याचा उपयोग करून घेतला. २००६ साली काफ आणि आल्स्तोम या कंपन्यांची अशी गाडी आली की जिची मोटर लावलेली चाकेही सरकतात, त्यामुळे इंजिन बदलण्याची कटकट संपली. २००७ साली तालगोनेही तशी गाडी आणली. स्टँडर्ड गेजवर ताशी २५० किलोमीटर आणि जुन्या गेजवर २२० किलोमीटर असा या गाड्यांचा वेग. पुढे २०१२ मध्ये काही गाड्यांना डिझेलची जोड देण्यात आली, म्हणजे जेथे विजेची तार नाही अशा गावांनाही त्या जाऊ लागल्या.

व्यापाऱ्याच्या भाषेत सांगायचे तर गोष्ट अशी आहे. नवी पेढी बांधायला घेतली म्हणून जुन्या पेढीला टाळे लावले, तर बांधकाम होईतो गिऱ्हाईक तुटते आणि गुंतलेले भांडवल मुके पडून राहते. स्पेनने पेढीचा एकेक गाळा बांधून होताच तेथे विक्री सुरू केली आणि मागच्या दाराने जुन्या गोदामाशी वाट चालू ठेवली. आज त्या देशात सुमारे चार हजार किलोमीटरचे अतिवेगवान जाळे आहे. लांबीत चीनखालोखाल त्याचाच क्रमांक लागतो. एवढे जाळे तुकड्यातुकड्याने विणताना दूरची शहरे तुटली नाहीत, याचे मोठे श्रेय या सरकत्या चाकांना द्यावे लागेल.

जपानला का जमले नाही?

हे तंत्र विकत आणले आणि लावले, इतके सोपे मात्र नाही. याचा दाखला खुद्द जपानने दिला आहे.

जपानची जुनी रेल्वे १०६७ मिलिमीटरची आणि शिनकानसेन म्हणजे बुलेट ट्रेन १४३५ मिलिमीटरची. नागासाकी शहराकडे जाणाऱ्या मार्गासाठी गेज बदलणारी गाडी बनविण्याचे काम तेथे १९९४ पासून सुरू होते. तीन पिढ्यांच्या गाड्या झाल्या. तिसरीची दीर्घ चाचणी २०१४ मध्ये सुरू झाली आणि चाकांजवळच्या भागांत झीज आढळल्याने काही आठवड्यांतच थांबवावी लागली. दुरुस्तीनंतरही झीज पुरती थांबेना. देखभालीचा खर्च साध्या बुलेट ट्रेनच्या सुमारे दुप्पट येईल असा हिशेब निघाला आणि २०१७ मध्ये तेथील रेल्वे कंपनीने ही गाडी नको म्हणून सांगितले. शेवटी सप्टेंबर २०२२ मध्ये नागासाकीचा ६६ किलोमीटरचा नवा मार्ग सुरू झाला तो एकटाच. ताकेओ-ओन्सेन स्टेशनवर प्रवासी समोरासमोरच्या फलाटावर गाडी बदलतात. जपानसारख्या देशातही शेवटी मनमाडच झाले. फरक एवढाच की तेथे जिना चढावा लागत नाही.

फरक कशाने पडला? जपानी गाडीत मोटरी लांबच्या लांब साऱ्या डब्यांखाली वाटलेल्या असतात, त्यामुळे सरकणाऱ्या चाकांना मोटरीचे वजनही वाहावे लागते. शिवाय १०६७ मिलिमीटरच्या अरुंद जागेत मोटर, ब्रेक आणि सरकण्याची यंत्रणा कोंबावी लागते. तालगोची ताकद दोन टोकांच्या इंजिनांत असते आणि मधले डबे हलके असतात. रुंदीची अडचणही स्पेनला नव्हती.

जमाखर्चाची दुसरी बाजू

स्पेनमध्येही सारे गोडच आहे असे नाही. जुलै २०१३ मध्ये सांतियागो शहराजवळ अशाच एका गाडीला भीषण अपघात होऊन सुमारे ८० माणसे दगावली. ताशी ८० किलोमीटरच्या वळणावर गाडी १७९ च्या वेगाने शिरली होती. दोष सरकत्या चाकांचा नव्हता. पण त्या वळणावर वेग आपोआप रोखणारी यंत्रणा नव्हती. दोन प्रकारच्या मार्गांवर धावणाऱ्या गाडीला दोन प्रकारचे सिग्नल आणि दोन प्रकारची वीज सांभाळावी लागते. नुसते गेज जुळून भागत नाही, हा धडा स्पेनला फार महागात पडला.

दुसरी गोष्ट मक्तेदारीची. अशा गाड्या बनविणारे जगात दोन-चारच. स्पेनच्या रेल्वेने तालगोकडे २०१६-१७ मध्ये ताशी ३३० किलोमीटर वेगाच्या तीस गाड्या मागविल्या, त्यांतील निम्म्या गेज बदलणाऱ्या. त्या प्रवाशांच्या सेवेत दाखल झाल्या मे २०२४ मध्ये, ठरल्या वेळेपेक्षा वर्षानुवर्षे उशिरा. रेल्वेने कंपनीवर सुमारे ११.६ कोटी युरोचा दंड लावला. पण दंड लावला तरी दुसरीकडे जायचे कोठे? त्याच वर्षी एका हंगेरियन समूहाने तालगो विकत घेण्यासाठी सुमारे ६१.९ कोटी युरोचा देकार दिला. स्पेनच्या सरकारने २७ ऑगस्ट २०२४ रोजी राष्ट्रीय सुरक्षिततेचे कारण देऊन तो नाकारला. चाके सरकविण्याच्या विद्येला तो देश किती मोलाची मानतो, हे यावरून दिसते.

आणि राजकारणापुढे तंत्राचे काही चालत नाही, हेही खरे. डिसेंबर २०१६ मध्ये मॉस्को-बर्लिन मार्गावर तालगोची गेज बदलणारी गाडी सुरू झाली होती. ब्रेस्ट येथे रशियाच्या १५२० मिलिमीटरवरून ती १४३५ वर येई. करोनाच्या साथीत, मार्च २०२० मध्ये, ती बंद पडली. पुढे युक्रेनचे युद्ध पेटले आणि ती पुन्हा सुरू होण्याची वाटच राहिली नाही.

आपल्या दारातला प्रश्न

आता आपल्याकडे वळू. मुंबई-अहमदाबाद बुलेट ट्रेनचा ५०८ किलोमीटरचा मार्ग जपानी तंत्राने, १४३५ मिलिमीटरच्या स्टँडर्ड गेजवर बांधला जात आहे. बाकी देशाची रेल्वे १६७६ मिलिमीटरची. म्हणजे १९८८ साली स्पेन जेथे उभा होता, तेथेच आज आपण उभे आहोत. स्पेनच्या दोन गेजांतील फरक २३३ मिलिमीटर, आपल्या दोन गेजांतील २४१. आपल्या बाजूने एक जमेची गोष्ट अशी की बुलेट ट्रेन आणि आपली जुनी रेल्वे, दोन्हींची वीज २५ हजार व्होल्टची आहे. स्पेनला ही सोय नव्हती. मात्र सिग्नल, डब्यांची रुंदी आणि फलाटांची उंची हे प्रश्न आहेतच.

मुंबई-नागपूर आणि मुंबई-पुणे-हैदराबाद या अतिवेगवान मार्गांचेही प्रस्ताव आहेत. समजा, उद्या नागपूरचा मार्ग आधी नाशिकपर्यंतच झाला. मग जळगावचा केळीवाला, भुसावळचा नोकरदार, अकोल्याचा कापूसवाला यांनी नाशिकला उतरून गाडी बदलायची का? पुढचा तुकडा पूर्ण व्हायला दहा वर्षे लागली तर ती दहा वर्षे या मुलुखाने कर भरायचा आणि फायदा दुसऱ्याने घ्यायचा का? की स्पेनसारखी त्यांची गाडी नाशिकला चाके सरकवून जुन्या रुळांवरून पुढे न्यायची?

सरकती चाके आणाच, असा आमचा आग्रह नाही. जपानचा अनुभव डोळ्यांआड करून चालणार नाही आणि देखभालीचा खर्च शेवटी तिकिटातूनच वसूल होतो. कदाचित नवे मार्ग ब्रॉडगेजनेच बांधणे आपल्याला अधिक परवडेल. वंदे भारतसारख्या गाड्या त्यावर आजही धावत आहेत. पण हे तीन रस्ते, म्हणजे वेगळे गेज, एकच गेज किंवा दोन्हींवर धावणारी गाडी, यांचा हिशेब मांडून तो लोकांपुढे ठेवला पाहिजे आणि तोही रूळ टाकण्यापूर्वी. स्पेनने १८४४ साली घेतलेल्या एका निर्णयाची भरपाई पावणेदोनशे वर्षांनंतरही चालू आहे. आपल्या जिल्ह्यातील व्यापारी संघटनांनी आणि प्रवासी मंडळांनी आपल्या खासदारांना एवढे तरी विचारावे की नवी गाडी आमच्या स्टेशनात येणार आहे की आम्हांलाच पोतीपेट्या घेऊन तिच्याकडे जायचे आहे? मनमाडच्या फलाटावर ज्यांनी रात्री काढल्या आहेत, त्यांना हा प्रश्न विचारण्याचा पुरता हक्क आहे.